रुईवर लिहिलेली सहा अक्षरं

तारीख एकवीस जानेवारी, सकाळचे अकरा. रक्कम रुपये पाच हजार, पाचशेच्या दहा नोटा. हजर तिघं: आमच्या जिनिंगचे शेठजी, मी, आणि प्रज्ञा नावाची एकवीस वर्षांची मुलगी. खुर्ची पुढं केली तरी ती उभीच राहिली.

रक्कम अनामत होती. मुलीला पन्नास किलो रुई आणि शेडचा एक कोपरा दहा दिवसांसाठी हवा होता. रुईची किंमत त्याहून जास्त होती, पण शेठजी म्हणाले, "ठीक है, पाचपर करू. लेकिन बेटा, रुई जशी नेली तशी वापस पाहिजे. एक भी धागा निघाला, तर डिपॉझिट गया. ढोबळेजी, लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. सत्तावीस वर्षं सिंदीच्या या जिनिंगमध्ये मी तेच करतो आहे. हे काम करणाऱ्याला इकडे काटाबाबू म्हणतात. येणारी गाडी भरलेली तोलायची, रिकामी तोलायची, दोन्हींतला फरक लिहायचा. ओल किती, दर्जा काय, हे बघायचं. घरी मी भाजीवाल्याचा तागडा तपासतो म्हणून बायको माझ्यासोबत बाजारात येत नाही. तिची तक्रार खरी आहे.

ज्यांनी जिनिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेतकरी आणतो तो कापूस, म्हणजे आत सरकी असलेला. यंत्र सरकी वेगळी काढतं, उरते ती रुई. रुई दाबून तिची गाठ बांधतात, ती साधारण एकशे सत्तर किलोची. गाठीवर नंबर पडतो आणि ती सूतगिरणीला जाते. इतकं सोपं आहे. अवघड आहे ते कापसासोबत येणारं बाकीचं सगळं. खताच्या पोत्याचे धागे, गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे, बियाण्याच्या पाकिटाचे कोपरे, ठिबकच्या नळीची कात्रणं, केस, पिसं. सरकी काढणाऱ्या यंत्राला प्लास्टिक कळत नाही. ते धाग्याचे दहा धागे करतं आणि सगळ्या रुईत पसरवतं. पुढं कापड विणलं जातं, रंगवलं जातं, आणि प्लास्टिक रंग घेत नाही. मग चार महिन्यांनी गिरणीकडून पाकीट येतं. आत कागदावर चिकटवलेला बोटभर निळा धागा, खाली आमच्या गाठीचा नंबर, त्याखाली कापलेली रक्कम. अशी पाकिटं मी फाइलला लावून ठेवली आहेत.

म्हणून यंत्राच्या आधी बाया बसतात. कापूस त्यांच्यासमोरून सरकतो आणि त्या कचरा वेचतात. जी जेवढा वेचेल त्याप्रमाणे तिला हप्त्याच्या, म्हणजे आठवड्याच्या, मजुरीवर बक्षीस: शंभर ग्रॅमला पंचवीस रुपये. ऐकायला बरं वाटतं, पण शंभर ग्रॅम धागे म्हणजे किती, हे एकदा वेचून बघावं. एखादीला तेवढ्याला तीन दिवस लागतात.

या वेचण्यात काय काय सापडलं त्याची मी वेगळी वही ठेवली नाही, याचं आता वाईट वाटतं. एक मात्र आठवणीत पक्कं आहे. आंजीचे एक म्हातारे कापूस देऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी तोंडावर रुमाल धरून परत आले. मुलगा सोबत होता. तो म्हणाला, "बाबूजी, बाबा गाडीत कापसावर झोपले होते. कवळी पडली." पन्नास क्विंटल कापसाची गंजी. मी हात जोडले. पण बेबीबाई म्हणून आमच्या बायांची मुकादम आहे, तिनं कमरेच्या फडक्यातून कवळी काढून दिली. कालच सापडली होती, कोणी मागायला येईल म्हणून तिनं ठेवली होती. म्हाताऱ्यांनी ती तिथंच धोतरानं पुसली, बसवली, दोनदा दात वाजवले आणि म्हणाले, "माहीच हाय." मग मुलाकडं वळून म्हणाले, "आता सांग तुह्या मायले, का म्या हरवली नाई." बेबीबाईनं बक्षीस मागितलं. कवळी पुन्हा काढून तोलली, वजन अठरा ग्रॅम भरलं. नियमात कवळी बसते की नाही यावर बराच वाद झाला.

तर प्रज्ञा. ती अल्लीपूरची. वडील गावच्या नळयोजनेचा पंप चालवतात, चार एकर शेती आहे. ती नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात अक्षररचना शिकते. अक्षररचना हा शिकायचा विषय असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी विचारलं, "म्हणजे हस्ताक्षर?"

"नाही काका. अक्षर कसं दिसावं, किती जाड, दोघांत किती जागा, ते कशाचं असावं. वाचणाऱ्याला शब्द कळायच्या आधीच काहीतरी कळलं पाहिजे."

मागच्या सत्रात ती याच विषयात नापास झाली होती. या वेळी पर्यावरणावर एक काम करून सोमवार, दोन फेब्रुवारीला दाखवायचं होतं. त्यातही गेली तर शिष्यवृत्ती बंद आणि वर्ष वाया. हे तिनं पहिल्याच दिवशी, काही न लपवता सांगितलं. अनामतीचे पाच हजार तिच्या खोलीचं दोन महिन्यांचं भाडं होतं, हेही सांगितलं. मला अशी माणसं आवडतात. आकडा आधी, रडणं नंतर.

तिचं म्हणणं असं होतं: रुईचा पांढरा गालिचा करायचा आणि त्यावर कापसातून निघालेल्या प्लास्टिकचीच अक्षरं मांडायची. हे कोणी पेरलं? एवढंच वाक्य. सहा अक्षरं आणि एक प्रश्नचिन्ह. वरून फोटो घ्यायचा.

"कचरा आहे ना तुमच्याकडं?"

"आहे. पोत्यात भरून ठेवतो."

"आणि मग?"

"हंगाम संपला की मागच्या बाजूला पेटवून देतो."

मग मीच पुढं सांगत राहिलो, की पालिकेची गाडी घेत नाही, भंगारवाला घेत नाही, ठेवायला जागा नाही. सगळं खरं होतं. तरी सत्तावीस हंगामांच्या त्या काळ्या धुराचा हिशोब त्या दिवशी प्रथमच डोक्यात आला. तो कुठल्याच रजिस्टरात नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी आठला सिंदीतल्या मावशीच्या घरून सायकलनं यायची. बेबीबाईच्या बायांनी आधी तिला पाहून हसू दाबलं. आम्ही कचरा काढायला मरतो आणि ही कॉलेजात शिकून कचरा घालायला आली, असं त्यांचं म्हणणं. बेबीबाई म्हणाली, "माय, तुह्या बापानं फी भरली हाय का यासाठी?"

"शिष्यवृत्ती आहे, काकू."

"म्हंजे सरकार पैसे देऊन राह्यलं? मले काऊन नाई देत? म्या बावीस वर्स झाली याच शिक्षणात हावो."

तीन दिवस तिनं पोती रिकामी करून रंगाप्रमाणं ढीग लावले. निळा ढीग सगळ्यांत मोठा निघाला. मी सवयीनं प्रत्येक ढीग तोलून दिला. तिनं सहज विचारलं, "काका, एवढा निळा धागा कोणत्या पोत्याचा?" मी एक धागा घेऊन बोटांत चोळला. मग बाहेर अंगणात गेलो. गंजीवर झाकलेल्या आमच्याच ताडपत्रीची कड झिजून गेली होती. तिचा धागा ओढला आणि दोन्ही शेजारी धरले. एकच होते. इतकी वर्षं निळा धागा दिसला की मी शेतकऱ्याला सुनावत होतो, "कापूस पोत्यात भरू नका म्हणून सांगितलं ना?" त्यांतल्या किती जणांना विनाकारण ऐकवलं, हे आता काढता येणार नाही. शेठजींना दोन्ही धागे नेऊन दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले, चष्मा काढला आणि ताडपत्रीच्या जागी सुती कापडाची पाल मागवायला सांगितली. मला म्हणाले, "ढोबळेजी, ये बात फोटो में नहीं आनी चाहिए." मी म्हणालो, धाग्यावर नाव लिहिलेलं नसतं.

पुढचे सहा दिवस मांडणी चालली. चोवीस फूट बाय सहा फुटांचा रुईचा थर, त्यावर चार-चार फूट उंच अक्षरं. वारा आला की हलक्या पुड्या उडायच्या, म्हणून ती प्लास्टिक अंथरल्यावर लाकडी फळीनं दाबून रुईत बसवायची. 'र'ची शेपटी तिनं चार वेळा मोडून पुन्हा केली. मला चारही सारख्याच दिसल्या. ती म्हणाली, "पहिल्या तीन पडायला आलेल्या दिसत होत्या." मग मी नीट बघितलं, तर चौथी खरंच उभी होती. डोळ्यालाही काटा असतो आणि माझा त्या बाबतीत कच्चा आहे, हे मी मान्य केलं.

शुक्रवारी दुपारी काम पुरं झालं. पण तोवर शेडमध्ये ऊन राहिलं नव्हतं. तिला सकाळचा प्रकाश हवा होता. पूर्वेचं शटर उघडलं की साडेआठच्या सुमाराला ऊन आडवं आत येतं, तेव्हा शिडीवरून फोटो. ती कॅमेरा आणायला मैत्रिणीकडं वर्ध्याला गेली. जाताना म्हणाली, "काका, लक्ष ठेवाल ना?"

मी लक्ष ठेवलं. इथंच सगळा घोटाळा आहे.

आमच्याकडं शिस्त अशी, की गाठीत न गेलेली रुई जमिनीवर कुठंही दिसली तर तिला पाटी पाहिजे. पाटीशिवाय रुई म्हणजे चोरीची किंवा विसरलेली. पाट्या दोनच प्रकारच्या: 'तपासणी झाली' आणि 'तपासणी बाकी'. प्रज्ञाच्या रुईला मी पाटी लावली नव्हती हे शुक्रवारी निघताना लक्षात आलं. तपासणी झाली असं तर लिहिता येत नाही, त्यात पावणेदोन किलोच्या वर प्लास्टिक आहे. खोटं कसं लिहिणार? म्हणून मी प्रामाणिकपणे 'तपासणी बाकी' ही पाटी प्रश्नचिन्हाच्या टिंबाशेजारी खोचली आणि समाधानानं घरी गेलो.

शनिवारी माल जास्त होता. ठेकेदारानं बेबीबाईच्या बायांशिवाय नऊ बायांची नवी टोळी आणली होती. तिची मुकादम तुळसाबाई. त्यांचा पहिलाच दिवस. मी साडेसातपासून काट्यावर होतो, गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली. बेबीबाईच्या बाया पलीकडच्या शेडमध्ये. सव्वाआठला तुळसाबाई घमेलं घेऊन माझ्या खिडकीशी आली. मागं आठ जणी.

"बाबूजी, तोलून घ्या. बक्षीस हाय म्हने."

घमेल्यात वर निळे धागे होते. खाली पिवळे, लाल. मी घमेलं काट्यावर ठेवलं, घमेल्याचं वजन वजा केलं. एक हजार आठशे चाळीस ग्रॅम. आकडा लिहिला आणि मगच मला समजलं की हा आकडा माझ्या ओळखीचा आहे.

"हे कुठून वेचलं?"

"त्या शेडातून. पाटी होती ना, तपासनी बाकी."

"अहो बाई, तिथं अक्षरं होती! वाचता येतं ना?"

"येते तं! सातवी शिकली हावो." तुळसाबाईला राग आला. "हे कोनी पेरलं, असं लिवलं होतं. आमाले वाटलं, शेठजीनं रागानं लिवलं. नव्या बाया आल्या तं परीक्षा घेऊन राह्यले, म्हनलं. म्या सांगतलं पोरींले, हलक्या हातानं उचला, रुई इस्कटू नका, एक धागा राह्यला तं उद्या कामावर घेनार नाई."

मागची एक जण म्हणाली, "पंचेचाळीस मिन्टात केलं, बाबूजी. पास हाव का आमी?"

तेवढ्यात प्रज्ञा फाटकातून आली. गळ्यात कॅमेरा. तिनं खिडकीतून घमेलं पाहिलं. नऊ दिवस ज्याचा एकेक तुकडा हातानं निवडला, बसवला ते ओळखायला तिला वेळ लागला नाही. ती शेजारच्या प्लॅटफॉर्म काट्यावर मटकन बसली. समोर सत्तेचाळीस किलो दोनशे ग्रॅम हा आकडा आला. तो मला का दिसला, का लक्षात राहिला, सांगता येत नाही. सवय वाईट असते.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "पाटी मी लावली."

ती म्हणाली, "सोमवारी आहे, काका." एवढंच.

बायांना हळूहळू कळलं. तुळसाबाईनं कपाळावर हात मारला. "माय वो! तुहं होतं काय ते? मंग तसं लिवा लागत होतं ना, का वेचू नका म्हून!" मग ती काट्याजवळ बसली आणि प्रज्ञाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "चाल. आमी मांडून देतो. नऊ जनी हावो."

"दोन दिवसांत होणार नाही, मावशी. आणि ऊन जाईल."

"चाल तं खरी. पाहू तं दे, काय बिघडलं."

आम्ही सगळे शेडकडं गेलो. काट्यावरची गाडी तशीच सोडून मी जागचा उठलो, असं सत्तावीस वर्षांत याआधी झालेलं नाही. गाडीवाला मागून ओरडत होता. पूर्वेचं शटर अर्धं उघडं होतं, मी ते पूर्ण वर केलं.

ऊन आडवं आत आलं आणि रुईवर पसरलं.

अक्षरं होती. प्लास्टिक गेलं होतं, पण फळीनं दाबलेली जागा तशीच खोलगट राहिली होती. त्या बायांनी इतक्या हलक्या हातानं उचललं होतं की कडा मोडल्या नव्हत्या. प्रत्येक खळग्यात एका बाजूनं सावली पडली होती. पांढऱ्यावर पांढरं, आणि तरी शेडच्या दारातून वाचता येत होतं: हे कोणी पेरलं? चार वेळा केलेली 'र'ची शेपटीसुद्धा.

प्रज्ञा म्हणाली, "काका, शिडी." मग चढता चढता, कोणाकडं न पाहता, "कोणी आत येऊ नका. श्वाससुद्धा हळू."

नऊ बाया दारात ओळीनं उभ्या राहिल्या आणि खरंच तोंडावर पदर धरला. ऊन वर चढेपर्यंत वीस-बावीस मिनिटं मिळाली. मधेच तिनं वरून ओरडून सांगितलं, "तुळसामावशी, घमेलं आणा! तिथं, टिंबाच्या बाजूला ठेवा. थोडं अलीकडं. थोडं अजून." तुळसाबाई चवड्यांवर गेली, घमेलं ठेवलं आणि तशीच मागं सरकत आली. शेवटच्या फोटोत पांढरी अक्षरं आहेत आणि एका कोपऱ्यात रंगीत कचऱ्यानं भरलेलं घमेलं. त्याखाली तिनं एकच ओळ छापली: 'नऊ जणींनी पंचेचाळीस मिनिटांत वेचलेले एक हजार आठशे चाळीस ग्रॅम.' वजन बरोबर आहे ना, हे तिनं मला रविवारी फोन करून दोनदा विचारलं.

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला होता. शेठजी स्वतः येऊन दारात उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणार. ते बायांच्या डोक्यांवरून आत बघत म्हणाले, "ढोबळेजी, ये तो पढने में आ रहा है." आणि परत गेले.

गुरुवारी प्रज्ञाचा फोन आला. पास. नुसती पास नाही, वर्गात दुसरी. एका परीक्षकांनी विचारलं म्हणे, सावली कोणत्या सॉफ्टवेअरवर केली? तिनं सांगितलं, सिंदीच्या पूर्वेच्या शटरवर. दुसऱ्या बाईंनी विचारलं, कल्पना तुझीच का? ती म्हणाली, अर्धी. अर्धी चुकून झाली. मला हे उत्तर फार आवडलं. आमच्या धंद्यात चूक झाली की ती कोणाची, हे आधी ठरवतात. तिनं चुकीत वाटेकरी घेतले.

शनिवार, सात फेब्रुवारी, हप्त्याचा दिवस. प्रज्ञा फोटोच्या प्रती घेऊन आली होती, प्रत्येक बाईला एक. बेबीबाईला फोटोत आपण नाही याचा राग आला. तुळसाबाई तिला म्हणाली, "तू फोटोत नाई, तं मी तरी कुठं हावो? घमेलंच हाय." मग त्या दोघी घमेलं कोणाच्या शेडचं यावर भांडल्या.

शेठजींनी रुई स्वतः तपासली होती. दिव्याखाली धरून, मूठ मूठ. काही निघालं नाही. पाच हजार रुपये प्रज्ञाला परत दिले, तिनं मोजले, मी पुन्हा मोजायला लावले.

राहिलं बायांचं बक्षीस. एक हजार आठशे चाळीस ग्रॅमचे चारशे साठ रुपये. शेठजी म्हणाले, त्याच कचऱ्याचे पैसे बेबीबाईच्या बायांना हंगामात एकदा दिलेले आहेत, एकाच मालाचे दोनदा कसे देणार? त्यांचं बरोबर होतं. पण तुळसाबाईचंही बरोबर होतं. पाटी वाचून, नियमानं, काम चोख केलेलं. दोन्ही बरोबर असताना रक्कम पाटी लावणाऱ्याकडंच येते. मी खिशातून चारशे साठ रुपये काढून टेबलावर ठेवले. प्रज्ञा पुढं झाली, "काका, मी देते." तुळसाबाईनं तिचा हात खाली केला. "तुह्याकडून काऊन घेऊ? तू काय आमची मालकीन हायेस?"

नऊ जणींना प्रत्येकी एक्कावन्न, झाले चारशे एकोणसाठ. एक रुपया उरला. मी म्हणालो, मुकादमाला जास्तीचा.

"मले नको. मी काई जास्त नाई वेचलं." तुळसाबाईनं तो रुपया टेबलावरून उचलून प्रज्ञापुढं ठेवला. "हिले द्या. तीन दिवस पोते सोडून रंगारंगाचं निवडत बसली होती म्हने. हेही वेचनंच झालं."

रजिस्टरात नऊ नावं होती. मी दहावी ओळ आखली. नाव, काम: कचरा वेचणी, रक्कम रुपये एक. प्रज्ञानं सही केली, सहीखाली तारीख घातली आणि रुपया घेतला.